मंजुळाबाईंचा खेळाचा तास

खेळाचा तास सुरू झाला की आमच्या बालशाळेतली पोरं रडायला लागत. कुंभकोणमच्या त्या गल्लीतल्या बायका त्या रडण्यावरून वेळ ओळखायच्या. "टीचरचा खेळ लागला गं, भात चढवा आतां," असं समोरची लक्ष्मीबाई खुशाल ओरडून सांगायची. आणि हा खेळ लावणारी बाई जन्मभर गावाला ऐकवत राहिली की लहान मुलांना खेळातून शिकवायची पद्धत इथं पहिल्यांदा तिनं आणली. आणली हे खरंच आहे. मद्रासहून पेटीत घालून आणली आणि पेटीला कुलूप लावून ठेवली.

तिचं नाव मंजुळाबाई. वयानं माझ्याहून पुष्कळ मोठ्या, तेव्हा 'त्या' म्हणायला हवं. पण माझी जीभ वळत नाही, आणि आता या वयात मी ती वळवणारही नाही.

आम्ही तिकडची मराठी माणसं. कधीकाळी तंजावरच्या राजांच्या मागोमाग आलेली आणि तिथंच राहून गेलेली. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. आमची ती घरातली मराठी इतकी जुनी की लग्न होऊन मी सोलापूरला आले तेव्हा सासरची पोरं माझ्याकडून मुद्दाम बोलवून घेत आणि लोळून हसत. मंजुळाबाई आमच्यातलीच, पण तिला स्वतःचं असं सामान्य असणं मुळीच मानवत नसे. तिचे पणजोबा म्हणे दरबारात मोठे कुणीतरी होते. काय होते ते दरवेळी बदलायचं. सोमवारी किल्लेदार, गुरुवारी खजिनदार. नवरा वकील होता, आणि त्या बापड्यानं घरात कधी तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नाही. कोर्टात तरी उघडत असेल अशी आशा.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. जो तो काहीतरी नवीन काढायच्या मागे. मंजुळाबाई मद्रासला जाऊन बालशिक्षणाचा एक छोटासा अभ्यासक्रम करून आली आणि घराच्या पुढच्या दालनात तिनं शाळा काढली. मला मदतनीस म्हणून घेतलं. मी मॅट्रिक झालेली, एकोणीस वर्षांची, लग्न ठरत नव्हतं. दुसरं करायला तरी काय होतं मला.

त्या पेटीचं काय वर्णन करू! सागवानी, पितळी कडीची. आत मखमलीच्या खणांत लाकडी आकार: तांबडं वर्तुळ, निळा चौकोन, हिरवा त्रिकोण. लहान-मोठे, पातळ-जाड, सुरेख घासलेले. मुलांनी ते हातात घ्यावेत, एकावर एक रचावेत, पाडावेत, कडेवरून बोट फिरवावं, त्यातून त्यांना आपोआप आकार कळावा, अशी ती मूळ पद्धत. हे मला तिनंच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी, चांगलं तोंड भरून. आणि मग पेटीची किल्ली कमरेला खोचली.

खेळाचा तास म्हणजे असा. मुलं चटयांवर रांगेनं बसायची. मंजुळाबाई आतून यायची, केसांत मोगरा, हातात पट्टी. "अस्के हात मागं!" अस्के म्हणजे आमच्या भाषेत सगळे. सगळे हात पाठीमागं गेले की ती किल्ली काढणार, पेटी उघडणार, तांबडं वर्तुळ दोन बोटांत धरून वर करणार. मुलांनी ओरडायचं, "वट्टम्!" मग चौकोन. "सदुरम्!" मग त्रिकोण. "मुक्कोणम्!" ही झाली तमिळ नावं. मग तीच मराठीत. मग पेटी बंद. झाला खेळ! मुलं रडतील नाहीतर काय करतील? तीन-चार वर्षांच्या पोरांसमोर रंगीत लाकडं नाचवायची आणि हात लावू द्यायचा नाही, याला आमच्याकडे दुष्टपणा म्हणतात.

एकदा मी भीत भीत म्हटलं, "टीचर, थोडा वेळ त्यांच्या हातीं दिलं तर?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवघरात चप्पल घालून शिरले. "खेळ म्हणजे गंमत नव्हे," ती म्हणाली. हे तिचं लाडकं वाक्य. दिवसातून कितीदा तरी ऐकायचे मी ते, आणि दरवेळी मनात म्हणायचे, मग काय डोंबल?

एका मुलानं तिची पाठ फिरल्यावर हिरवा त्रिकोण उचलून चाटला. लहान मूल, चाटणारच. तर मंजुळाबाईनं तो त्रिकोण विहिरीवर नेला आणि चिंच लावून घासला. पितळेची भांडी घासावीत तसा, अगदी जीव लावून. मग उन्हात वाळत ठेवला. संध्याकाळपर्यंत रंग उडून त्याला कोड आल्यासारखे डाग पडले. खापर फोडलं त्या मुलाच्या डोक्यावर. त्याच्या आईला बोलावून सांगितलं, तुमच्या मुलाच्या थुंकीत काहीतरी दोष आहे, वैद्याला दाखवा. आणि ती बिचारी आई खरोखर घेऊन गेली त्याला वैद्याकडे!

मुलांची नावं तिला कधी आली नाहीत. आठवणीत राहिली नाहीत असं नाही, तिनं विचारलीच नाहीत. पुढच्या चटईवरचा, खिडकीजवळची, नाक गळणारा, एवढ्यावर तिचं भागायचं. मुलानं जागा बदलली की तिच्या लेखी ते मूलच बदललं. चेहऱ्याकडे बघायची तिला सवय नव्हती. ती पोरांच्या डोक्यांवरून दाराकडे बघत शिकवायची, न जाणो कुणी मोठं माणूस यायचं.

एक गोष्ट मात्र कबूल करते, नाहीतर मला पाप लागेल. तांदळाच्या पिठाची चिमूट घेऊन ती जमिनीवर एका दमात वर्तुळ काढायची. वाकून, पाय न हलवता, मनगट फिरवून. इतकं नेमकं की बघत राहावं. कुंभकोणमच्या बायका रोज सकाळी दारात कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, घालतात, हात सगळ्यांचेच बसलेले असतात, पण तिच्या हाताची बातच वेगळी होती. मुलं श्वास रोखून बघायची. मग ती म्हणायची, "कोणी आंत पाय टाकाल तर याद राखा," आणि सगळी मजा तिथंच संपायची.

आता त्या 'वाटोळें'चं सांगते, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

गोल वस्तूला आमच्या घरांतून वाटोळें म्हणतात. दोसा वाटोळा, चंद्र वाटोळा, बाळाचं तोंड वाटोळें. मंजुळाबाईही तेच शिकवायची. एकदा तिच्या नवऱ्याच्या नात्यातली पुण्याची एक बाई रामेश्वराला जाता जाता दोन दिवस उतरली. मंजुळाबाईनं तिला शाळा दाखवायला आणलं. तांबडं लाकूड वर केलं. पोरं मोठ्यानं ओरडली, "वाटोळें!" पुण्याची बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसू काही आवरेना तिला. म्हणाली, "अगंबाई, इतक्या लहानपणीच सगळ्यांचं वाटोळं का करताय?" आमच्याकडे त्या शब्दाला तो अर्थच नाही. मला तेव्हा कळलंच नाही ती का हसते. मंजुळाबाईला मात्र कुणीतरी आत नेऊन समजावलं असावं, कारण बाहेर आली ती कानापर्यंत लाल होऊन.

दुसऱ्या दिवसापासून 'वाटोळें' बंद. आता 'वर्तुळ' म्हणायचं. तीन वर्षांच्या पोरांनी 'वर्तुळ' म्हणायचं, ज्यांना अजून 'र' म्हणता येत नाही! चुकून कुणी 'वाटोळें' म्हटलं की कोपऱ्यात उभं. कोन म्हणजे काय, एवढं मात्र आमच्या शाळेतल्या मुलांना चांगलं कळलं, कारण प्रत्येकानं त्यात नाक खुपसून उभं राहून पाहिलं होतं.

त्यात माझी भाचीही होती. तुळजा, माझ्या थोरल्या बहिणीची, अंबाक्काची, मुलगी. साडेचार वर्षांची. घरी अखंड बडबड. तिला मीच रोज हाताला धरून शाळेत न्यायचे. वाटेत तांबटांची आळी लागायची, तिथं घागरी ठोकत बसलेली माणसं बघायला ती हटून उभी राहायची, ओढूनही हलायची नाही. तर ही तुळजा एकदा 'वाटोळें' म्हणाली आणि दुपारपर्यंत कोपऱ्यात उभी राहिली. त्यानंतर शाळेत तिनं तोंड उघडणं सोडलं. सगळी ओरडायची, ही गप्प.

मंजुळाबाईनं लगेच निकाल दिला. "ती मागच्या चटईवरची मठ्ठ आहे. शिक्षणखात्याचे अधिकारी यायचे आहेत तंवर ठेवतें. मग बघूं."

हे साधं नव्हतं. कारण मोठ्या शाळेत मुलं घ्यायची ती मंजुळाबाईच्या शब्दावर, असा रिवाज पडून गेला होता. आणि अंबाक्काचा नवरा भीमराव, त्याला मुलीच्या शाळेचं आधीच जड झालेलं. घरात धाकटं तान्हं होतं. त्यानं सरळ सांगून ठेवलं होतं, "शाळेंत ठेवून घेतलं तर बरें. नाहींतर गांवीं आईकडे पाठवतों, सुंदरपेरुमाळ कोयिलला. दोन गाई आहेत, तिला हाताखालीं कोणी हवीच आहे." अंबाक्का स्वतः एक अक्षर शिकलेली नाही. रात्री भांडी घासता घासता मला म्हणायची, "माझं ऱ्हाऊं दे. मी अशीच राहिलें. हिला तरी शिकूं दे गं. तूं आहेस ना तिथें, बघ कायतरी." मी काय बघणार? माझी तिथं किंमत पेटी पुसण्यापुरती.

अधिकारी आले ते मंजुळाबाईच्या डोक्यातल्या अधिकाऱ्यासारखे नव्हतेच. साधं धोतर, घामानं भिजलेला सदरा, तमिळ बोलणारे. मंजुळाबाईनं पणजोबा काढले. त्या दिवशी ते सरदार होते. अधिकाऱ्यांनी "बरं, बरं" म्हटलं आणि पुढच्या रांगेतली घोकून तयार केलेली पोरं सोडून सरळ मागच्या चटईवर जाऊन मांडी घातली. तुळजाच्या शेजारी. तिला सकाळीच ताकीद होती, तूं तोंड उघडूं नको.

"तुला कोणकोणते आकार ठाऊक आहेत?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

मी देवाचं नाव घेतलं. तुळजानं त्यांच्याकडे पाहिलं. खाली बसून बोलणारं मोठं माणूस तिनं त्या दालनात प्रथमच पाहिलं असणार. आणि एका दमात म्हणाली, "वट्टम्, सदुरम्, मुक्कोणम्, कुंभकोणम्!"

तमिळमध्ये कोणम् म्हणजे कोन. मुक्कोणम् हा आकार, तर कुंभकोणम् का नाही? पोरीला ते अगदी सरळ वाटलं. मंजुळाबाईनं कपाळावर हात मारला. "सर, ही थोडी मंद आहे," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी ऐकलंच नाही. "असं होय? कुंभकोणम् कसा असतो, दाखव बघू."

तुळजा उठली. अधिकाऱ्यांसाठी उघडून ठेवलेल्या पेटीकडे गेली आणि दोन्ही हात आत घातले! मंजुळाबाईच्या तोंडून कसलासा आवाज आला. तुळजानं मोठं तांबडं वर्तुळ जमिनीवर आडवं ठेवलं. त्याच्या वरच्या बाजूला लहान निळा चौकोन, चिकटवून. त्याच्या वर हिरवा त्रिकोण, उलटा, टोक खाली चौकोनावर टेकवून. पोट, गळा, पसरट तोंड. घागर! तांबटाच्या आळीतली हुबेहूब घागर.

"हें कुंभकोणम्," ती म्हणाली.

तो माणूस इतका हसला, इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. कुंभ म्हणजे घडा, आणि या गावाची कथाच मुळी घड्याची. तीन आकारांतून चौथा उभा केला होता पोरीनं. त्यांनी तिचं नाव विचारलं, पुन्हा रचायला लावलं, स्वतःही एक रचून पाहिलं, ते वाकडंतिकडं झालं, मग दोघं हसले. पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी खेळत होतं. जाताना ते मंजुळाबाईला म्हणाले, "बाई, पेटी अशीच उघडी ठेवत जा. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल." मंजुळाबाईचं नाव त्यांनी विचारलंच नाही.

बस्स. तेवढ्यानं घात केला. साडेचार वर्षांच्या पोरीचा हेवा करणारी बाई मी आयुष्यात ती एकच पाहिली.

सगळे गेल्यावर तिनं ते तिन्ही आकार पदरानं पुसले, खणात ठेवले, कुलूप लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती मागची उद्यांपासून येणार नाहीं."

"कां?"

"न विचारतां पेटींत हात घातला."

"पण टीचर, साहेबांना उदिंग आवडलं!" उदिंग म्हणजे खूप.

"साहेबाला काय कळतं? गांवाचं नांव कोणतं नि आकार कोणता, एवढं ज्या मुलीला समजत नाहीं, तिला मी शिकवायची काय?"

मी हात जोडले. भीमरावाचं सांगितलं, गावाकडच्या गाईंचं सांगितलं, अंबाक्काचं सांगितलं. म्हटलं, पोरीचं शिक्षण कायमचं सुटेल हो. ती आरशात बघून मोगरा सारखा करत होती. म्हणाली, "गुरं राखूं दे. तोहि एक खेळच आहे."

मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. तिनं बोलावणंही पाठवलं नाही. माझं तरी नाव तिला ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

भीमराव तुळजाला गाडीत घालून सुंदरपेरुमाळ कोयिलला सोडून आला. तिथं आजीनं कसलासा जुना नवस फेडायला तिला स्वामीमलैच्या देवळात नेऊन तिचं डोकं भादरून घेतलं. अंबाक्का महिनाभर नीट जेवली नाही. तान्ह्याला पाजता पाजता मध्येच थांबायची आणि विचारायची, "आतां काय करत असेल गं ती?" शेण भरत असेल, दुसरं काय. पण मी ते बोलत नसे.

आणि इकडे काय व्हावं? मंजुळाबाईनं सुताराला बोलावून एक नवा लाकडी आकार करून घेतला. पिवळा, घागरीचा. पेटीत त्याला वेगळा खण. गावभर सांगत सुटली की स्थानिक परंपरेतून आकार शिकवण्याची ही तिची स्वतःची कल्पना. लोक माना डोलवायचे. मला कळलं तेव्हा माझा असा तिळपापड झाला की समोर दिसती तर काय केलं असतं सांगता येत नाही. निर्लज्ज मेली! पोरीला हाकलायचं आणि पोरीच्या डोक्यातलं ठेवून घ्यायचं.

विजयादशमीला आमच्याकडे मुलांना शाळेत घालतात. नवरात्रासाठी तुळजा गावाहून आली होती. काळवंडलेली, हाडं निघालेली, डोक्यावर बोटभर केस. अंबाक्कानं भीमरावाच्या हातापाया पडून एक दिवस मागून घेतला. म्हणाली, मी स्वतः जाऊन बाईंच्या पायां पडतें, हाकललं तर मग तुम्ही म्हणाल तें. ताटात नारळ, विड्याची पानं, हळदकुंकू घेतलं. अंबाक्काला मंजुळाबाईनं कधी पाहिलेलं नव्हतं. मला पाहिलं तर सगळंच बिनसेल, म्हणून मी समोरच्या लक्ष्मीबाईच्या ओट्यावर खांबाआड थांबले. गल्ली अरुंद, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मंजुळाबाई दारात उभी, जरीचं लुगडं, भोवती पाच-सहा आया आपली पोरं घेऊन. आतून घोष चाललेला: "वट्टम्, सदुरम्, मुक्कोणम्, कुंभकोणम्!" अंबाक्का पायरीपाशी घुटमळली. तोंड उघडून काही बोलणार, तेवढ्यात तुळजानंच तो घोष उचलला. रस्त्यात उभी राहून, सगळ्यांच्या वर, खणखणीत. तिचाच शब्द होता तो.

मंजुळाबाईनं वळून पाहिलं.

"अगंबाई, काय उच्चार आहे!" ती म्हणाली. "कोणाची ही? हिला कां नाहीं आणलं माझ्याकडे आजवर?"

तिनं ओळखलं नव्हतं. चटई नाही, वेणी नाही, मग कशावरून ओळखणार होती ती?

मी ओट्यावरून उतरलेच होते. सांगणार होते तिला चारचौघांत, ही कोण ते. अंबाक्कानं मान वळवून माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि मी जागच्या जागी थिजले. तशी नजर मी माझ्या बहिणीची कधी पाहिली नव्हती. मग ती मंजुळाबाईकडे वळून हळूच म्हणाली, "गांवीं होती बाई. आज आणली."

मंजुळाबाईनं तो पिवळा आकार तुळजासमोर धरला. लांबून. "हा कोणता?"

"कुंभकोणम्."

"शाबास! कोणी शिकवलं गं तुला?"

तुळजा त्या लाकडाकडे बघत राहिली. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं तिला काय दिसलं असेल ते असो.

"तुम्हीच, टीचर," ती म्हणाली.

"पाहिलंत?" मंजुळाबाई बाकीच्या बायकांकडे वळली. चेहरा नुसता फुलून आलेला. "शाळेचं तोंड न पाहिलेली पोर, रस्त्यावरून ऐकून शिकली. याला म्हणतात पद्धत! उद्यांपासून पाठवा हिला."

पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं आणि मी तिकडून निघाले. मंजुळाबाई मला शेवटची दिसली ती त्या विजयादशमीलाच, अशी, दारात, मोगरा माळलेली, लाकडी घागर उंच धरून बायकांना समजावून सांगणारी. आणि तिच्यासमोर माझ्या अंबाक्कानं हातातलं ताट खाली ठेवलं, पदर सावरला, आणि वाकून तिच्या पायांवर डोकं टेकलं.